मुंबईच्या बाल्कनीतली चवळी: बी टाकण्यापासून उसळीपर्यंत

मार्च लागला की बाल्कनीतला पालक फुलावर येतो, कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडते आणि टोमॅटोची फुलं गळायला लागतात. रात्रीसुद्धा हवा गार होत नाही, त्यामुळे ही मंडळी हाय खातात. नेमक्या त्याच दिवसांत चवळी अंग धरते. ती मूळची आफ्रिकेतली, तापलेल्या आणि बेताच्या पाण्याच्या जमिनीत वाढलेली. २५ ते ३५ अंश तापमान तिला मानवतं आणि मुंबईचा पारा वर्षातले बरेच महिने याच पट्ट्यात असतो. शिवाय एकाच रोपावर तीन गोष्टी मिळतात: कोवळी पानं, कोवळ्या शेंगा आणि शेवटी दाणे. जागा कमी असलेल्या घरात याहून चांगलं पीक मला माहीत नाही.

तरीही अनेकांकडे चवळीचा वेल नुसताच हिरवागार वाढतो आणि शेंगा चारच लागतात. कारणं बहुतेक वेळा दोन असतात. खत जास्त झालेलं असतं आणि लागलेल्या शेंगा उशिरा तोडलेल्या असतात. चवळीला उपाशी ठेवायचं नाही, पण तिचे लाडही करायचे नाहीत. भरपूर ऊन द्यायचं आणि शेंगा वेळच्या वेळी काढायच्या. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

आधी ऊन बघा, मग बी आणा

चवळीला रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं. गच्चीवर हा प्रश्न येत नाही. बाल्कनीत मात्र दिशा फार महत्त्वाची, आणि मुंबईत तिचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो.

मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या बाल्कनीत, त्यातही वर दुसऱ्या मजल्याचा स्लॅब असेल तर, भर उन्हाळ्यात कुंडीवर ऊन पडतच नाही. डिसेंबरमध्ये हाच सूर्य दक्षिणेला बराच खाली उतरतो आणि ऊन थेट हॉलच्या लादीपर्यंत येतं. त्यामुळे दक्षिणमुखी बाल्कनी असेल तर चवळी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पेरा. फेब्रुवारीपर्यंत तिला पोटभर ऊन मिळेल. मार्चमध्ये तिथे पेरलेली चवळी लांबुळकी आणि फिकट होते आणि लोक उगाच खत वाढवत बसतात.

पूर्व आणि पश्चिम बाल्कन्यांना वर्षभर अर्ध्या दिवसाचं ऊन मिळतं. पश्चिमेचं दुपारचं रणरणतं ऊन पालेभाज्यांना सोसत नाही, चवळीला चालतं. त्यामुळे इतर काही जगत नसलेली पश्चिमेची ग्रील असेल तर ती बिनधास्त चवळीला द्या. उत्तरेच्या बाल्कनीत शेंगांचा नाद सोडावा. तिथे पानांपुरती दाट पेरणी करता येते.

समोर टॉवर असेल तर दिशा बघून भागत नाही. एक सुट्टीचा दिवस घरी थांबा आणि दर तासाला कुंडीच्या जागेवर ऊन आहे का एवढं कागदावर लिहा. पुढच्या तीन महिन्यांची मेहनत त्या कागदावर अवलंबून आहे.

पेरणी कधी

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. ऊन स्वच्छ असतं, पाऊस नसतो, रोग कमी येतात आणि मार्चअखेरपासून मेपर्यंत शेंगा मिळतात. पाणी तेवढं रोज द्यावं लागतं.

दुसरा चांगला काळ सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा. पाऊस ओसरलेला असतो आणि ऑक्टोबर हीटमध्ये बी झपाट्याने वाढतं. कोकणात भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, कुळीथ टाकतात. त्या परंपरेचीच ही बाल्कनीतली सोय. यात हिवाळ्यात भुरी येण्याची शक्यता असते, तिच्याबद्दल पुढे येईल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही पेरता येतं, फक्त सगळं एक-दोन आठवडे सावकाश होतं.

पावसाळ्याचं गणित जरा वेगळं आहे. मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनच्या सुमारास येतो. जूनच्या सुरुवातीला पेरलं तर रोप छान वाढतं, पण फुलावर येतं ते बरोबर जुलैच्या मध्यावर. सांताक्रूझला जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या माऱ्यात फुलं कुजतात, गळतात. म्हणून उघड्या गच्चीवर जूनची पेरणी मी सुचवणार नाही. त्याऐवजी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात छपराखाली कागदी कपांत बी लावा, दहा-बारा दिवसांनी मुळं न हलवता कपासकट कुंडीत ठेवा. कपाचा तळ तेवढा फाडायचा. फुलं ऑगस्टच्या शेवटी येतात, तेव्हा पावसाचा जोर कमी होत असतो. गणपती सप्टेंबरमध्ये असतील त्या वर्षी ऋषिपंचमीला घरच्या शेंगा मिळतात. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेली भाजी लागते आणि कुंडीतली चवळी त्या नियमात नक्की बसते.

बी कोणतं घ्यायचं

चवळीत ढोबळमानाने बुटकी आणि वेल वाढणारी असे दोन प्रकार आहेत. निवड जागेवरून करा.

बुटक्या, झुडपी वाणांना आधार जवळजवळ लागत नाही, शेंगा लवकर आणि साधारण एकदमच येतात. पुसा कोमल, काशी कंचन, अर्का गरिमा ही नावं पाकिटांवर दिसतील. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण सदाबहार' हा वाण आपल्याच हवेत तयार झालेला आहे आणि नावाप्रमाणे वेगवेगळ्या हंगामांत चालतो. मिळाला तर तो आधी घ्या.

वेल वाढणारी लांब शेंगेची चवळी पाकिटावर 'यार्डलाँग बीन' म्हणून मिळते. तिची शेंग हातभर लांब होते. बंगळुरूच्या बागवानी संस्थेचा अर्का मंगला हा तिचा चांगला वाण. ग्रील असलेल्या मुंबईकरासाठी माझं मत याच चवळीला. जमीन कमी लागते, उंची वापरली जाते आणि बारा-पंधरा शेंगांत पाव किलो भाजी होते.

किराणा दुकानातली चवळीसुद्धा उगवते. प्रयोग म्हणून किंवा पाल्यासाठी जरूर पेरा. मात्र ती दाण्यासाठीची असते. तिची शेंग आखूड आणि लवकर तंतुमय होते. काही गावठी वाणांना फुलायला लहान दिवस, म्हणजे मोठ्या रात्री, लागतात. असं बी मे-जूनमध्ये पेरलं तर ते सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत नुसतं पसरत राहतं, शेंगेचं नाव नाही. गावाहून आलेलं बी असेल तर ते ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.

बी कृषी सेवा केंद्रात मिळतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं झाडा-फुलांचं प्रदर्शन दरवर्षी भरतं, तिथेही बागकामाच्या वस्तूंचे स्टॉल असतात. डहाणूजवळच्या कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, त्या बाजूला जाणं झालं तर चौकशी करा. पाकिटावरची तारीख बघा. बियांना गुलाबी किंवा निळा रंग लावलेला असेल तर ते औषध चोळलेलं बी आहे. ते खायचं नाही, पेरल्यावर हात धुवायचे आणि उरलेलं मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं.

घरातलं जुनं बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. चार-पाच दिवसांत सात-आठ दाण्यांना मोड आले तर बी चांगलं. कमी आले तर पेरताना दाणे वाढवा.

कुंडी, माती आणि वजन

१८ इंच रुंद आणि १२ इंच खोल ग्रो बॅग घेतली तर तीत सुमारे ५० लिटर माती बसते. अशा बॅगेत तीन वेल किंवा चार झुडपी रोपं आरामात वाढतात. चौघांच्या घरात दर तीन-चार दिवसांनी भाजी व्हावी असं वाटत असेल तर आठ-दहा रोपं, म्हणजे अशा तीन बॅगा धरा. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा, जुनी बादली, थर्माकोलची मासळीची पेटी हेही चालतं. खोली १० इंचांपेक्षा कमी नको आणि तळाला बोटभर रुंदीची पाच-सहा भोकं हवीत.

नुसती लाल माती भरली तर अशी बॅग ओली झाल्यावर ६० किलोच्या पुढे जाते. तीन बॅगा म्हणजे दोन-तीन माणसं सतत बाल्कनीच्या कडेला उभी. म्हणून मिश्रण हलकं ठेवा: चार भाग लाल माती, तीन भाग कंपोस्ट, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा उसाचं चिपाड. रसवंतीवाल्याकडे चिपाडाचा ढीग रोज पडलेला असतो, मागितलं तर तो आनंदाने देतो. बारीक तोडून, आठ-पंधरा दिवस भिजवून मग बॅगेच्या खालच्या भागात भरायचं. मुंबईतल्या गच्चीवरच्या शेतीत चिपाड आणि ओला कचरा यांची जोडी जुनी आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातूनच बाग उभी राहिली. तुमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होत असेल तर दोन पिशव्या मागून घ्या, विकतच्यापेक्षा ते बहुधा ताजं असतं.

कुंड्या कठड्याच्या आत ठेवा. ग्रीलच्या बाहेर काढलेल्या पत्र्यावर ५० किलोची बॅग कधीही ठेवू नका, खालून माणसं जातात. सोसायटीच्या गच्चीवर लावायचं असेल तर आधी कमिटीशी बोला आणि बॅगा विटांवर ठेवा. पाणी खाली साचलं नाही की गळतीची तक्रार येत नाही.

भरताना प्रत्येक बॅगेत दोन मुठी हाडांचा चुरा आणि एक मूठ चाळलेली लाकडाची राख मिसळा. शाकाहारी घरात हाडांचा चुरा नको असेल तर रॉक फॉस्फेट घ्या. नत्राचं (नायट्रोजनचं) खत, म्हणजे युरिया, ताजं शेणखत, मोहरीची पेंड, यांतलं काहीही घालू नका. शेतावरच्या शिफारशीतही चवळीला हेक्टरी २५ किलो नत्र आणि त्याच्या दुप्पट, ५० किलो, स्फुरद (फॉस्फरस) सांगतात. नत्राची बाकीची सोय ती स्वतः हवेतून करते.

मुळावरच्या गाठी

हवेतलं नत्र पकडायचं काम चवळी एकटी करत नाही. रायझोबियम नावाचे जिवाणू तिच्या मुळांत शिरतात, तिथे गाठी होतात आणि त्या गाठींत हे काम चालतं. शेतातल्या मातीत हे जिवाणू बहुधा असतातच. कोकोपीट आणि नव्या कंपोस्टच्या मिश्रणात ते नसण्याची शक्यता जास्त, म्हणून कुंडीत पेरताना ही पायरी टाळू नये.

चवळी किंवा मूग गटाचं रायझोबियम पाकीट घ्या, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं चालत नाही. गुळाच्या कोमट पाण्याचे चार थेंब बियांवर टाका, चमचाभर जिवाणू खत त्यावर चोळा, सावलीत अर्धा तास वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकीट मिळालं नाही तर ज्या कुंडीत आधी मूग किंवा चवळी चांगली आली होती तिथली दोन मुठी माती नव्या बॅगेत मिसळा.

पेरणीनंतर साधारण महिन्याने विरळणीसाठी ठेवलेलं एखादं जास्तीचं रोप हळूच उपटून मुळं पाण्यात धुवा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या गाठी दिसतील. नखाने एक फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठी काम करत आहेत आणि तुम्हाला नत्र द्यायची गरज नाही. आत पांढरं किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर दर पंधरा दिवसांनी एकेक मूठ गांडूळखत द्या. ही तपासणी मुलांसमोर करा. मातीत काय चालतं ते एवढं स्पष्ट दाखवणारं दुसरं रोप घरात नसेल.

पेरणी

उन्हाळ्यात बी चार तास भिजवलं तरी पुरे, रात्रभर नको. पावसाळ्यात अजिबात भिजवू नका, कुजतं. बोटाच्या पहिल्या पेराइतकं, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर, खोल टाका. एका जागी दोन दाणे, दोन जागांत वीतभर अंतर. पाणी झारीने द्या आणि मग उगवेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा.

तीन ते पाच दिवसांत बियांच्या दोन जाड डाळिंब्या मातीतून वर येतात. हाच धोक्याचा काळ. मुंबईत कबुतरं या डाळिंब्यांवर टपलेली असतात, कोवळा शेंडा मोडला की रोप संपलं. भाजीवाल्याची जाळीदार क्रेट उलटी करून आठ-दहा दिवस बॅगेवर ठेवा. तीन पानांची जोडणी असलेलं पहिलं पान उघडलं की क्रेट काढा. त्याच वेळी प्रत्येक जागी एक दणकट रोप ठेवून दुसरं कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. गाठी तपासायला एक-दोन रोपं मात्र राखून ठेवा.

आधार

काकडीला आणि दुधीला ताणे असतात, ते काहीही पकडतात. चवळीला ताणे नसतात. तिचा शेंडाच आधाराभोवती गोल फिरत वर चढतो. त्यामुळे ग्रीलच्या आडव्या गजांवर किंवा जाड पाइपवर तिची पकड बसत नाही. तिला उभी आणि बारीक वस्तू हवी. प्रत्येक रोपाजवळ एक काथ्याची दोरी किंवा सुतळी वरच्या गजाला बांधून खाली ताणून घ्या. खालचं टोक बॅगेत खोचलेल्या काटकीला बांधा, रोपाला नको. काथ्या खरखरीत असल्यामुळे वेल घसरत नाही, आणि लोखंडी गज एप्रिलच्या दुपारी इतका तापतो की कोवळा शेंडा त्यावर करपतो, तेही वाचतं.

सुरुवातीला शेंडा हाताने दोरीकडे वळवून द्यावा लागतो, नंतर तो स्वतः जातो. ग्रीलच्या वरच्या टोकाला पोचला की शेंडा खुडा. बाजूचे फुटवे निघतात आणि शेंगा हाताच्या उंचीवर येतात. वरच्या मजल्याच्या बाल्कनीत वेल गेला तर शेजारी बोलतात, तेही टळतं.

पाणी

बोट मातीत दोन पेरं खुपसा. कोरडं लागलं तर पाणी, ओलसर लागलं तर नाही. मार्च-एप्रिलमध्ये ५० लिटरच्या बॅगेला रोज दोन-तीन लिटर लागतं, हिवाळ्यात एक दिवसाआड. फुलं लागल्यापासून शेंगा भरेपर्यंत मात्र खाडा नको. दोन दिवस माती सुकली आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं की फुलं गळतात. सुट्टीला गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा आणि मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा तीन बोटं जाड थर द्या.

खालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. पावसाळ्यात ताटल्या काढूनच टाका.

पानं गर्द हिरवी, मोठी आणि फूल नाही, असं दिसलं तर नत्र जास्त झालं आहे. वरचं खत थांबवा, पाणी थोडं कमी करा आणि चमचाभर राख मातीत खुरपून द्या. खालची पानं पिवळी पडून माती सतत ओली असेल तर तळाची भोकं बुजली आहेत. काडीने मोकळी करा.

कीड

चवळीचा मुख्य शत्रू काळा मावा. शेंड्यावर, फुलाच्या देठावर काळ्या तिळांचा थर बसल्यासारखा दिसतो. त्याआधीच मुंग्यांची रांग दिसते, म्हणून मुंग्या दिसल्या की शेंडे उलटून बघायचे. एक गोष्ट लक्षात ठेवा: चवळीच्या फुलदेठांवर गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात आणि नुसत्या त्यांच्यासाठीही मुंग्या येतात. मावा नसेल तर मुंग्यांना हात लावू नका.

मावा थोडा असेल तर पाण्याची जोरदार फवारणी पुरते, दोन दिवस लागोपाठ सकाळी करा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलिलिटर द्रव साबण घोटून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. फवारल्यावर तीन-चार दिवस शेंगा तोडायच्या नाहीत, तोडल्या तर नीट धुवायच्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा. ते आणि त्यांच्या काळसर, काटेरी दिसणाऱ्या अळ्या मावा फस्त करतात. या अळ्यांना कीड समजून मारलं जातं, तेवढं करू नका.

फुलं आणि कोवळ्या शेंगा एकमेकांना जाळीने चिकटलेल्या दिसल्या तर आत शेंग पोखरणारी अळी आहे. तो गुच्छ तोडून पिशवीत बांधून टाका. घरच्या आठ-दहा रोपांना हाताने वेचणं हाच उत्तम उपाय. पानांवर पिवळे-हिरवे गोधडीसारखे ठिपके पडले तर तो केवडा, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. रोप काढा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. हिवाळ्यात पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. दाट पानं काढून हवा खेळती करा, आणि वाढत असेल तर लिटरला २ ग्रॅम पाण्यात विरघळणारं गंधक फवारा.

फूल ते शेंग

पेरल्यापासून ४०-४५ दिवसांत फुलं येतात. फिकट जांभळी किंवा पांढरी, पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. परागीभवन फुलाच्या आतच होतं, त्यामुळे विसाव्या मजल्यावर मधमाशी आली नाही तरी शेंग धरते. फुलापासून आठ ते बारा दिवसांत शेंग भाजीजोगी होते.

आता तोडण्याची गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शेंग पेन्सिलीपेक्षा बारीक, आतल्या दाण्यांचे उंचवटे बाहेरून जेमतेम दिसणारे, आणि मोडली तर कट्कन तुटणारी हवी. वाकून मोडत असेल तर उशीर झाला. हंगामात दर दुसऱ्या दिवशी, सकाळी, वेल खालून वर तपासा. हिरव्या पानांत हिरवी शेंग लपते. एकदा का दोन-चार शेंगा वेलावर पिकल्या की रोप आपलं काम झालं असं समजतं आणि नवी फुलं कमी करतं.

तोडताना देठाकडे नीट बघा. एका लांब दांड्याच्या टोकाला शेंगांची जोडी लोंबते आणि त्या जोडीच्या वरच, दांड्याच्या शेंड्याला, बारीक हिरव्या कळ्यांचा पुंजका असतो. पुढची जोडी तिथूनच येते. शेंग ओढली की हा पुंजका तिच्याबरोबर तुटतो. एका हाताने दांडा धरा आणि दुसऱ्याने शेंगेच्या अगदी मुळाशी नखाने किंवा कात्रीने तोडा. असं केलं तर तोडणी दीड-दोन महिने चालते.

पानं हवी असतील तर फुलं येण्याआधी, शेंड्याकडची कोवळी, आणि एका वेळी रोपाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. बाजारात चवळईची जुडी म्हणून मिळणारी भाजी माठाच्या कुळातली, ती वेगळी. या पानांची चव थोडी शेंगेसारखीच लागते.

बियाणं आणि रिकामी बॅग

परागीभवन फुलाच्या आतच होत असल्यामुळे बी वाणाशी इमान राखतं. हंगामाच्या मध्यावर सर्वांत निरोगी रोपाच्या चार-पाच शेंगांना रंगीत दोरा बांधा आणि त्या वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्या. पाऊस येणार असेल तर पिवळ्या पडताच काढून घरात वाळवा. दाणे काढून दोन-तीन दिवस उन्हात टाका आणि मग हवाबंद बरणीत भरून तीन-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, त्याने भुंग्याची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत दाण्यांवर पाणी सुटतं. राख चोळून ठेवण्याची जुनी रीतही चांगली.

वेल थकला की मातीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. गाठी कुजल्या की त्यातलं नत्र मातीत उतरतं. त्या बॅगेत पुढे माठ, पालक, मुळा किंवा टोमॅटो लावा. लगेच पुन्हा चवळी नको.

स्वयंपाकघरात

तोडलेल्या शेंगा त्याच दिवशी शिजवल्या तर गोडी कळते. पाव किलो शेंगा हाताने मोडून घ्या, कडेचा धागा निघालाच तर काढा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या, मग शेंगा आणि मीठ. पाणी घालायचं नाही. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ आणा. शेवटी सुपारीएवढा गूळ आणि मूठभर ओलं खोबरं. ताज्या शेंगेला यापेक्षा जास्त मसाला घालू नये असं माझं ठाम मत आहे. शेंगा दोन दिवसांच्या असतील तर बटाटा आणि गोडा मसाला घालून रसभाजी करा.

चुकून फुगलेल्या, अजून हिरव्या शेंगांचे ओले दाणे सोला. ते न भिजवता वीस मिनिटांत शिजतात. कांदा, खोबरं आणि मालवणी मसाल्याच्या वाटणात त्यांची उसळ करून भाकरीबरोबर खा. गोव्याकडच्या शेजाऱ्यांना अळसांद्यांचं (चवळीच्या दाण्यांचं) तोणाक करता येत असेल तर वाटीभर दाणे त्यांना देऊन बघा, तोणाकाची वाटी परत येतेच. कोवळी पानं लसणाच्या फोडणीत परता किंवा चिरून आमटीत टाका.

वाळलेल्या दाण्यांत १०० ग्रॅममागे साधारण २३-२४ ग्रॅम प्रथिनं असतात. चार-पाच तास भिजवून कुकरला दोन-तीन शिट्ट्या पुरतात, जास्त दिल्या तर दाणा फुटून गिचका होतो. आमसूल उसळीत शेवटी घाला. आधी घातलं तर आंबटपणामुळे दाणा दडदडीत राहतो.